ताशी पगार, फिरती पाळी आणि सुट्टीचे पैसे : वाचकांचे प्रश्न

ताशी दराने आणि पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या वाचकांची सुट्टीच्या पगाराविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. प्रत्येकाचे काम वेगळे असले तरी अडचण बहुधा एकाच जागी आहे : नियम दिवसांत लिहिलेला असतो आणि काम मात्र तासांत मोजले जाते. म्हणून उत्तरांत आधी हिशेबाची रीत दिली असून, निरनिराळ्या देशांतील कायद्यांचा उल्लेख ती रीत स्पष्ट होण्यापुरताच केला आहे. आपल्याला लागू असलेली तरतूद प्रत्येकाने आपल्या नेमणूकपत्रात आणि आपल्या देशाच्या कायद्यात पाहून घ्यावी.

प्रश्न : मी ताशी दराने काम करते. माझे तास दर आठवड्याला बदलतात. कधी वीस भरतात, कधी पंचेचाळीस. मी आणि माझ्या एका सहकाऱ्याने एकाच वेळी एक आठवड्याची भरपगारी रजा घेतली. आमचा ताशी दर सारखाच आहे, तरी त्याला माझ्यापेक्षा बरेच जास्त पैसे मिळाले. विचारले तर "सिस्टीमच तसे काढते" एवढेच सांगण्यात आले. हे पैसे नेमके कसे ठरतात?

उत्तर : सिस्टीम स्वतःहून काहीच काढत नाही. तिच्यात कोणीतरी एक रीत भरलेली असते आणि ती कोणती, हे विचारणे रास्तच आहे. मासिक पगार घेणाऱ्या माणसाला हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण तो रजेवर गेला तरी महिन्याचा आकडा तोच राहतो. ताशी कामगाराच्या बाबतीत मात्र दोन निराळे हिशेब करावे लागतात. आपल्या खात्यावर किती तासांची रजा जमा झाली, हा पहिला. आणि त्या रजेचे मोल किती धरायचे, हा दुसरा. कार्यालयातील बहुतेक वाद हे दोन हिशेब एकमेकांत मिसळल्याने होतात.

आधी जमा रजेचे पाहू. वर्षाला चार आठवड्यांची भरपगारी रजा आहे असे धरा. वर्षाचे आठवडे बावन्न. त्यांतले चार रजेचे गेले की कामाचे अठ्ठेचाळीस उरतात. म्हणजे अठ्ठेचाळीस आठवड्यांच्या कामातून चार आठवड्यांची रजा कमवायची असते, आणि हे प्रमाण ८.३३ टक्के, अर्थात बारा तास कामामागे एक तास रजा, असे येते. ब्रिटनमध्ये किमान रजा ५.६ आठवड्यांची आहे. तेथे हीच वजाबाकी केली की ४६.४ आठवडे उरतात आणि ५.६ भागिले ४६.४ म्हणजे १२.०७ टक्के होतात. १ एप्रिल २०२४ रोजी किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या रजावर्षांपासून, ज्यांचे तास अनियमित आहेत अशा कामगारांची रजा तेथे याच टक्केवारीने जमा होते. वरवर विचित्र वाटणारा तो १२.०७ चा आकडा दुसरे-तिसरे काही नसून हा साधा भागाकार आहे.

येथे एक चूक वारंवार होते. काही ठिकाणी चार आठवड्यांना थेट बावन्नने भागतात आणि प्रमाण ७.६९ टक्क्यांवर येते. समजा आपण वर्षात १,२०० तास काम केले. पहिल्या रीतीने १०० तास रजा जमा होते, दुसरीने सुमारे ९२. फरक जवळजवळ आठ तासांचा, म्हणजे पुष्कळ ठिकाणी एका अख्ख्या पाळीचा. बावन्नने भागणे मुळातच चूक आहे असेही नाही. मात्र तसे करायचे तर पाया, म्हणजे ज्या तासांना हे प्रमाण लावायचे ते तास, मोजताना भरपगारी रजेचे तासही धरावे लागतात. ऑस्ट्रेलियात नियमित कामगाराची रजा भरपगारी रजेच्या काळातही जमा होत राहते, आणि म्हणून तेथे नेहमीच्या तासांचा तेरावा भाग हे प्रमाण बरोबर ठरते. आपल्या उदाहरणात १,२०० तास कामाचे आणि १०० रजेचे मिळून १,३०० झाले, आणि त्यांचा तेरावा भाग पुन्हा १०० च येतो. भाजक एका रीतीचा आणि पाया दुसऱ्या रीतीचा असा मेळ घातला, की कामगाराचे तास गळतात.

आता रजेचे मोल. तास बदलते असले की "एक आठवड्याचा पगार" असा ठरलेला आकडा नसतो, म्हणून मागच्या काही आठवड्यांची सरासरी काढतात. समजा मागचे बारा आठवडे विचारात घेतले. त्यांतल्या चार आठवड्यांत आपण प्रत्येकी ४८ तास भरले, सहा आठवड्यांत प्रत्येकी ३०, आणि दोन आठवडे कामच नव्हते. एकूण तास झाले ३७२. त्याला बाराने भागले तर आठवडा ३१ तासांचा ठरतो, आणि ज्या दहा आठवड्यांत काम होते त्या दहानेच भागले तर ३७.२ तासांचा. ताशी दर तोच, व्यक्ती तीच, तरी एका आठवड्याच्या रजेत सहा तासांहून अधिक फरक पडला. आपल्या आणि सहकाऱ्याच्या रकमेतील तफावतीचे मूळ येथे असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते.

सरासरीसाठी किती मागे जायचे, यावर एकमत नाही. ब्रिटनमध्ये पूर्वी बारा आठवडे पाहिले जात. एप्रिल २०२० पासून बावन्न आठवडे पाहतात, पगार न मिळालेले आठवडे वगळून आणखी मागे जातात, मात्र १०४ आठवड्यांपलीकडे जात नाहीत. भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात रजेच्या लगतच्या आधीच्या महिन्यात प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांची सरासरी धरण्याची तरतूद होती. न्यूझीलंडच्या २००३ च्या कायद्याने नेहमीचा आठवडी पगार आणि मागील बारा महिन्यांची आठवडी सरासरी यांतील जी रक्कम मोठी ती द्यायची, असे ठरवले. काळ जितका लहान, तितके रजा केव्हा घेतली यालाच महत्त्व येते. कामाचा जोर ओसरल्यावर रजेवर जाणारा कामगार, म्हणजे जो कार्यालयाची सोय पाहून वागतो तोच, अशा पद्धतीत तोट्यात जातो. मला स्वतःला त्यामुळे लांब काळाची सरासरी अधिक न्याय्य वाटते, जरी हंगामात राबून लगेच रजा घेणाऱ्याला ती आवडणार नाही.

आपण करायचे ते इतकेच, की रक्कम रकमेशी ताडून पाहू नये. सहकाऱ्याच्या खात्यातून त्या आठवड्यासाठी किती तास वजा झाले आणि आपल्या खात्यातून किती, हे विचारावे. त्याचे ४२ तास आणि आपले ३० वजा झाले असतील, तर त्याला जास्त पैसे मिळाले तसे त्याचे तासही जास्त खर्ची पडले, आणि अन्याय कोणावरच झाला नाही. तास सारखेच वजा होऊन पैसे मात्र कमी आले असतील, किंवा कामाविना गेलेले आठवडे फक्त आपल्याच सरासरीत धरले असतील, तर तक्रारीला जागा आहे.

प्रश्न : आमच्याकडे आठवड्याला बारा तासांच्या तीन पाळ्या असतात. एका पाळीची रजा टाकली की पगारात आठच तास धरतात आणि उरलेले चार तास बिनपगारी दाखवतात. कार्यालयाचे म्हणणे असे, की रजेचा एक दिवस म्हणजे आठ तास.

उत्तर : आपल्या रजेच्या नोंदवहीत एकूण किती तास जमा आहेत, यावर उत्तर अवलंबून आहे. आपला आठवडा ३६ तासांचा. चार आठवड्यांची रजा म्हणजे १४४ तास, आणि ते आपल्या बारा पाळ्यांइतके होतात. नोंदवहीत हेच १४४ तास आठ तासांचे अठरा दिवस म्हणून लिहिले असतील, तर एका पाळीच्या रजेला दीड दिवस वजा करून पूर्ण बारा तासांचे पैसे दिले पाहिजेत; मोजमाप अवघड असले तरी हिशेब शेवटी जुळतो. पण नोंदवहीत बारा दिवस आणि पगारात दर दिवसाला आठ तास असे चालले असेल, तर आपल्याला ९६ तासच मिळतात आणि वर्षाकाठी ४८ तास, म्हणजे चार पाळ्या, नाहीशा होतात. शिल्लक असताना एखाद्या पाळीचे चार तास बिनपगारी दाखवण्याचे कारण मात्र दोन्ही रीतींत सापडत नाही. अर्ज करताना "एक दिवसाची रजा" असे न लिहिता "अमुक तारखेच्या बारा तासांच्या पाळीची रजा" असे लिहावे; पुष्कळ गोंधळ तेथेच मिटतो.

प्रश्न : मी रात्री दहा ते सकाळी सहा अशा रात्रपाळीत आहे. सार्वजनिक सुट्टीच्या आदल्या रात्री कामावर गेलो आणि सुट्टीच्या रात्रीही गेलो. सुट्टीच्या दिवशीच्या कामाचा जादा दर मला फक्त दोन तासांचा मिळाला. हे बरोबर आहे का?

उत्तर : सरळ हिशेबाने नाही, आणि का नाही ते पाहण्यासारखे आहे. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीला सुट्टीचा नियम लावण्याच्या तीन रीती आहेत. पहिली दिनदर्शिकेची : मध्यरात्र ते मध्यरात्र एवढे तास सुट्टीचे. तिच्यानुसार पहिल्या पाळीतील मध्यरात्रीनंतरचे सहा तास आणि दुसऱ्या पाळीतील मध्यरात्रीआधीचे दोन, मिळून आठ तास जादा दराचे होतात. दुसरीत पाळी ज्या दिवशी सुरू झाली तो तिचा दिवस. मग पहिल्या पाळीचे काहीच नाही आणि दुसरीचे आठही तास. तिसरीत पाळी ज्या दिवशी संपली तो तिचा दिवस. मग पहिलीचे आठही आणि दुसरीचे काहीच नाही. दोन्ही रात्री काम केलेल्या माणसाला तिन्ही रीतींनी आठच तास मिळतात. दोन तास उरतात ते फक्त एकाच प्रकारे : पहिल्या पाळीला "सुरू झाली तो दिवस" हा नियम लावला आणि दुसरीला दिनदर्शिका. म्हणजे दर वेळी या दोन नियमांतला जो स्वस्त पडला तो वापरला. हे मुद्दाम केले असेलच असे नाही, कारण दोन पाळ्या दोन वेगळ्या माणसांनी नोंदवल्या तरी असे होते. परंतु दुरुस्ती मागताना एवढीच मागणी करावी, की कोणताही एक नियम निवडा आणि तो दोन्ही रात्रींना लावा.

दोनांपैकी एकाच रात्री काम केले असेल, तर मात्र रीत कोणती यावर बरेच अवलंबून राहते, म्हणून ती लेखी असलेली बरी. साप्ताहिक सुट्टीबाबत भारताच्या १९४८ च्या अधिनियमातील तरतूद समंजस होती : मध्यरात्र ओलांडणारी पाळी असेल तर त्या कामगाराची सुट्टी पाळी संपल्यापासून पुढचे सलग चोवीस तास धरावी, आणि मध्यरात्रीनंतर केलेले तास आदल्या दिवसात मोजावेत. सकाळी सहाला घरी परतलेल्या माणसाला "आज तुमची सुट्टी मध्यरात्रीच सुरू झाली" असे सांगणे म्हणजे कामाचे सहा तास विश्रांतीत मोजणे होय. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९२१ च्या साप्ताहिक विश्रांतीच्या करारातही सात दिवसांत किमान चोवीस तास आणि तेही सलग, असेच म्हटले आहे.

प्रश्न : फिरत्या पाळीमुळे माझी साप्ताहिक सुट्टी कधीही येते. यंदा दोन सार्वजनिक सुट्ट्या नेमक्या त्याच दिवशी आल्या आणि मला त्यांचा काहीच लाभ झाला नाही. या सुट्ट्या बुडतात का?

उत्तर : पुष्कळ ठिकाणी बुडतात. सार्वजनिक सुट्टीचा पगार हा सहसा "त्या दिवशी काम असते तर जे मिळाले असते" त्याची भरपाई असतो. काम नसणारच होते, तर भरपाईही नाही, असा त्यामागचा विचार. ऑस्ट्रेलियात त्या दिवशी कामगाराचे नेहमीचे तास नसतील तर पैसे देणे बंधनकारक नाही. न्यूझीलंडमध्ये तो दिवस "एरवी कामाचा" होता का, हे आधी तपासतात. होता आणि कामगाराने त्या दिवशी काम केले, तर दीडपट दर आणि वर एक पर्यायी सुट्टी असे दोन्ही मिळते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात, म्हणजे १९३८ च्या श्रम मानकांच्या कायद्यात, न केलेल्या कामाचे पैसे देण्याचे बंधन मुळातच नाही, त्यामुळे तेथे सारे काही नेमणुकीच्या अटींवर किंवा कामगार संघटनेच्या करारावर अवलंबून असते. उलट अनेक सामूहिक करारांत सुट्टी साप्ताहिक सुट्टीवर आली तर बदली सुट्टी देण्याचे कलम असते, आणि फिरत्या पाळीत ते असायलाच हवे असे माझे मत आहे. कारण सुट्टी कोणाच्या पदरात पडायची हे एरवी केवळ पाळीपत्रक ठरवते.

म्हणूनच एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे. सुट्टीच्या आठवड्यातच आपली साप्ताहिक सुट्टी पुढे-मागे सरकली आणि एरवी कधी सरकत नाही, असे होत असेल, तर मागील काही महिन्यांची पाळीपत्रके जपून ठेवावीत. "एरवी कामाचा दिवस" सिद्ध करायला तीच उपयोगी पडतात.

याला जोडून आलेला दुसरा प्रश्न असा, की रजेच्या काळात आलेली सार्वजनिक सुट्टी रजेतून वजा करावी का. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७० च्या भरपगारी रजेच्या करारानुसार ती किमान रजेत मोजायची नाही, आणि भारताच्या १९४८ च्या अधिनियमातही मधल्या किंवा आगेमागे जोडून आलेल्या सुट्ट्या रजेबाहेर ठेवल्या होत्या. ब्रिटनमध्ये मात्र सार्वजनिक सुट्ट्या ५.६ आठवड्यांच्या आतच धरण्याची मुभा आहे.

प्रश्न : मुलाखतीत मला सांगितले, की ताशी दरातच सुट्टीचे पैसे धरले आहेत, त्यामुळे रजा घेतली तर त्या दिवसांचे वेगळे काही मिळणार नाही. असे करता येते का?

उत्तर : काही ठिकाणी येते, काही ठिकाणी नाही, आणि जेथे येते तेथेही नुसते तोंडी सांगून भागत नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २००६ मध्ये ही पद्धत अमान्य केली. त्यामागचा विचार असा, की दर आठवड्याच्या पगारात थोडे थोडे मिसळलेले पैसे खर्च होऊन जातात, रजेच्या वेळी हाती काही उरत नाही आणि माणूस रजाच घेत नाही. ब्रिटनने २०२४ पासून अनियमित तासांच्या आणि वर्षातील काही काळच काम असणाऱ्या कामगारांपुरती ती पुन्हा मान्य केली, पण ही रक्कम पगारपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवण्याच्या अटीवर. डेन्मार्कमध्ये ताशी कामगारांसाठी पगाराच्या १२.५ टक्के रक्कम सुट्टीसाठी बाजूला पडते आणि ती रजेच्या वेळी मिळते. माझ्या मते हा मार्ग सर्वांत स्वच्छ आहे, कारण पैसे दिसतात आणि आधी खर्चही होत नाहीत. ऑस्ट्रेलियात नैमित्तिक, म्हणजे कामाची कायम हमी नसलेल्या, कामगाराला भरपगारी रजा नसते. तिच्या आणि इतर काही सवलतींच्या बदल्यात त्याच्या दरावर सामान्यतः २५ टक्के वाढ मिळते.

आपल्या बाबतीत कसोटी सोपी आहे. तेच काम करणाऱ्या आणि भरपगारी रजा मिळणाऱ्या माणसाचा ताशी दर काय आहे, ते पाहावे. तो १०० असेल आणि रजा ५.६ आठवड्यांची असेल, तर आपला दर ११२.०७ हवा, रजा चार आठवड्यांची असेल, तर १०८.३३. दोघांचा दर सारखाच असेल, तर आपल्या दरात सुट्टीचे पैसे "धरलेले" नाहीत. ते फक्त धरले आहेत असे म्हटलेले आहे. मूळ दर किती आणि सुट्टीचा भाग किती, हे नेमणूकपत्रात दोन आकड्यांत लिहून मागावे. पैसे आधीच मिळाले म्हणून रजेचा हक्क संपतो, असा अर्थही कोणी काढू नये. वर उल्लेखलेल्या १९७० च्या करारात पैशाच्या किंवा अन्य मोबदल्यात किमान रजेवर पाणी सोडण्याचा करार रद्दबातल किंवा प्रतिबंधित मानला आहे.

प्रश्न : रजेच्या पगारात ओव्हरटाइम आणि रात्रपाळीचा भत्ता धरतात का?

उत्तर : देशागणिक फरक आहे. १९७० च्या करारात "नेहमीचे किंवा सरासरी वेतन" असे शब्द आहेत आणि सगळा वाद "नेहमीचे" या एका शब्दावर आहे. भारताच्या १९४८ च्या अधिनियमाने ओव्हरटाइम आणि बोनस स्पष्टपणे वगळले होते, तर महागाई भत्ता धरला होता. युरोपात न्यायालयांचा कल उलट दिशेला गेला : रजेवर गेल्याने उत्पन्न इतके घटता कामा नये की माणूस रजाच टाळेल, या तत्त्वावर २०१४ मध्ये विक्रीवर मिळणारे कमिशनही रजेच्या पगारात धरावे, असा निर्णय झाला. रात्रपाळीचा भत्ता हा कामाच्या स्वरूपाशीच जोडलेला असल्याने तो कायम रात्रपाळी करणाऱ्याच्या "नेहमीच्या" वेतनात मोडतो, हे सांगणे सोपे आहे. वर्षातून दोनदा केलेल्या ओव्हरटाइमबद्दल तसे म्हणता येणार नाही.

प्रश्न : मी वर्षाच्या मध्यावर नोकरी सोडत आहे. न घेतलेल्या रजेचे पैसे मिळतील का? कार्यालय म्हणते, वर्ष पूर्ण झाले नाही.

उत्तर : येथे दोन अटी वेगळ्या कराव्यात. रजेचा हक्क सुरू होण्यासाठी काही किमान सेवा लागू शकते. भारताच्या १९४८ च्या अधिनियमात ती वर्षात २४० दिवस कामाची होती आणि त्यावर दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा मिळे, तर २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेत ती अट १८० दिवसांवर आणली आहे. १९७० च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशी अट सहा महिन्यांहून मोठी असू नये. पण किमान सेवा झाली असेल, तर पुढे वर्ष अपुरे राहिले म्हणून जमा झालेले तास मिटत नाहीत, असे बहुतेक कायदे मानतात. युरोपीय संघात चालू नोकरीत किमान रजेऐवजी पैसे देता येत नाहीत, आणि नोकरी संपणे हाच त्याला अपवाद आहे. शेवटच्या दिवसापर्यंतचे जमा तास, त्यांतून घेतलेले तास आणि शिल्लक तासांना लावलेला दर या तिन्ही नोंदी अखेरच्या पगारपत्रकात मागाव्यात. नोटिशीच्या काळात रजा घ्यायला लावली असेल, तर ते तासही घेतलेल्या तासांतच दिसले पाहिजेत; मात्र त्या दिवसांचे पैसे पूर्ण मिळाले आहेत ना, हे आधी पाहावे.